लिंच सिंड्रोम: रुग्ण-कुटुंबांच्या मेळाव्याला येताना काय आणायचं, काय विचारायचं

पन्नाशीच्या आत आतड्याचा कॅन्सर झाला, किंवा एकाच घराण्यात आतड्याचा आणि गर्भाशयाचा कॅन्सर पिढ्यान्‌पिढ्या निघत राहिला, तर डॉक्टर ‘लिंच सिंड्रोम’चं नाव काढतात. हा आनुवंशिक दोष आहे. अशा कुटुंबांसाठी कॅन्सरतज्ज्ञ, जनुकीय समुपदेशक आणि आधीचे रुग्ण दिवसभर एकत्र बसतात, बोलतात, कागद तपासतात. अशा मेळाव्याला बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी काय तयारी करावी, याचा हा लेख. आमचा एकच आग्रह आहे, तो आधीच सांगतो: रुग्णाने एकट्याने येऊ नये. एक भाऊ, एक बहीण, आणि जमलं तर आत्या किंवा मामाकडचं कुणीतरी सोबत आणावं. निदान एकाचं होतं, पण त्यातून जीव वाचतात ते अजून धडधाकट असलेल्या नातेवाइकांचे.

दोष नेमका कुठे असतो

पेशी दुभंगताना तिच्यातल्या डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात. छापखान्यात प्रूफ तपासणारा असतो तशी या चुका शोधून दुरुस्त करणारी प्रथिनं पेशीत असतात. ती बनवणारी मुख्य जनुकं चार: एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२. स्वतः बिघडलं की शेजारच्या एमएसएच२ ला बंद पाडणारं ईपीकॅम हे पाचवं. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. लिंच असलेल्या माणसात एक प्रत जन्मापासूनच बिघडलेली असते. दुसरी चालू असेपर्यंत काही बिनसत नाही. आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या एखाद्या पेशीत तीही गेली की चुका भराभर साठतात आणि गाठ तयार होते.

साध्या माणसात आतड्यातल्या कोंबाचा, म्हणजे पॉलिपचा, कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. लिंचमध्ये हेच दोन-तीन वर्षांत होऊ शकतं. पुढे तपासण्यांचं जे वेळापत्रक येईल, ते या घाईमुळे तसं आहे.

दोष असलेल्या आई किंवा बापाकडून प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो की मुलगी, फरक नाही. पाश्चात्य देशांतल्या नोंदींनुसार एमएलएच१ मध्ये दोष असेल तर आयुष्यभरात आतड्याचा कॅन्सर होण्याची शक्यता ४६ ते ६१ टक्के, एमएसएच२ मध्ये ३३ ते ५२, एमएसएच६ मध्ये १० ते ४४, पीएमएस२ मध्ये साधारण ९ ते २० टक्के. एमएलएच१ आणि एमएसएच२ मध्ये बायकांना गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका आतड्याच्या धोक्याच्या जवळपास जातो. त्यामुळे “लिंच आहे” एवढं कळून भागत नाही, कोणतं जनुक ते कळलं पाहिजे.

वंशावळ: ही घरूनच तयार करून आणा

या आजाराचा पत्ता लागला तोच एका बाईने आपल्या घरातल्या मरणांचा हिशेब मांडला म्हणून. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅन आर्बर इथे एका शिवणकाम करणाऱ्या बाईने डॉ. आल्ड्रेड वॉर्थिन यांना सांगितलं, की आमच्याकडे सगळे पोटाच्या नाहीतर पिशवीच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. ती तशीच गेली. वॉर्थिन यांनी ते कुटुंब अभ्यासून १९१३ मध्ये लेख लिहिला. १९६६ मध्ये हेन्री लिंच यांनी अशी आणखी दोन मोठी घराणी मांडली आणि १९९३-९४ मध्ये पहिली जनुकं सापडली. आजही समुपदेशकाच्या टेबलावर सर्वांत आधी कागद निघतो तो वंशावळीचाच.

आपल्याकडे वंशावळ म्हटलं की फक्त मुलग्यांची फांदी काढतात. जमिनीच्या वाटणीला ती चालते, इथे चालत नाही. लग्न होऊन चंदगड-गडहिंग्लजला, गोव्याला, मुंबईला गेलेल्या आत्या, बहिणी आणि त्यांची मुलं कागदावर आलीच पाहिजेत. निदान तीन पिढ्या घ्या: आजी-आजोबा, आई-वडील नि त्यांची भावंडं, आणि आपली पिढी चुलत, आते, मामे, मावस भावंडांसह. वडिलांकडची आणि आईकडची बाजू वेगळी ठेवा. प्रत्येकापुढे जन्मसाल, हयात आहे का, कॅन्सर कुठल्या अवयवाचा आणि निदान कितव्या वर्षी झालं ते लिहा. मरणाचं वय आणि निदानाचं वय यात लोक हमखास गोंधळ करतात. उपयोगाचं असतं ते निदानाचं.

बायकांची दोन्ही नावं लिहा, माहेरचं आणि सासरचं. सीमाभागात हे जास्तच लागतं. कर्नाटकातल्या दवाखान्याच्या कागदावर आडनाव नसतं, वडिलांच्या नावाचं आद्याक्षर असतं, आणि त्याच बाईचे महाराष्ट्रातले कागद नवऱ्याच्या नावाने आडनावासह निघालेले असतात. दोन माणसं आहेत असं वाटून एक रिपोर्ट बाजूला पडतो.

विचारपूस करताना पहिल्या उत्तरावर थांबू नका. “आजी पोटाच्या विकाराने गेली” म्हटलं तर विचारा: संडासवाटे रक्त जात होतं का? पोट फुगून संडास बंद झाला होता का? मूळव्याध म्हणून औषधं चालली होती का? “पिशवी काढली” हे उत्तर तर जवळजवळ प्रत्येक घरात मिळेल. पुढचे प्रश्न महत्त्वाचे: कितव्या वर्षी काढली, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त गेलं होतं का, काढलेली पिशवी तपासायला पाठवली होती का. पंचेचाळिशीत गर्भाशयाचा कॅन्सर निघून पिशवी काढलेली आत्या घरच्यांच्या आठवणीत नुसती “पिशवीचं ऑपरेशन झालेली” राहते आणि वंशावळीतला सर्वांत मोठा पुरावा निसटतो. मूत्रवाहिनी, अंडाशय, जठर, लहान आतडं, स्वादुपिंड, पित्तनलिका, मेंदू आणि त्वचेतल्या तेलग्रंथी यांच्या गाठीही लिंचमध्ये येतात, त्याही नोंदवा.

डॉक्टर ३-२-१ चा ठोकताळा लावतात: लिंचशी जोडलेले कॅन्सर तिघा नातेवाइकांना, त्यातला एक इतर दोघांचा आई-बाप, भावंड किंवा मूल, सलग दोन पिढ्यांत, आणि निदान एकाला पन्नाशीच्या आत. पण घर लहान असेल, माणसं अपघाताने लवकर गेली असतील, तर हा ठोकताळा बसत नाही. तो बसला नाही म्हणून कुणालाही परत पाठवू नये.

मेणाचा ठोकळा

ऑपरेशनात काढलेल्या गाठीचे तुकडे पॅथॉलॉजी लॅबमध्ये मेणात बसवून ठेवतात. प्लास्टिकच्या छोट्या चौकटीवरचा हा ठोकळा काडेपेटीपेक्षा लहान असतो आणि त्याच्या कडेवर बायॉप्सीचा नंबर असतो. ऑपरेशन जिथे झालं तिथे तो नंबर सांगून, अर्ज करून ठोकळा मागता येतो. रिपोर्टवरचा आणि ठोकळ्यावरचा नंबर तिथेच जुळवून घ्या. नुसत्या रंगवलेल्या काचा आणल्या तर नव्या तपासण्यांना अडचण होते, कारण त्यांना ठोकळ्यातून नवे काप काढावे लागतात. घरी आणल्यावर तो पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. मेण साठ अंशांच्या आसपास वितळतं, आणि बंद गाडीत काचेजवळ मे महिन्यात तापमान बरंच वर जातं. कोरड्या डब्यात, सावलीत ठेवला की पुरे.

या ठोकळ्यावर आयएचसी नावाची तपासणी होते. चार दुरुस्ती-प्रथिनं गाठीत दिसतात की नाही, एवढंच ती सांगते. प्रथिनं जोडीने जातात: एमएलएच१ बरोबर पीएमएस२, एमएसएच२ बरोबर एमएसएच६. एमएसएच२ ची जोडी दिसत नसेल तर लिंचचा संशय दाट. एमएलएच१ ची जोडी नसेल तर लगेच घाबरू नका, कारण उतारवयातल्या अशा बहुतेक गाठींत ते प्रथिन आनुवंशिक नसलेल्या कारणाने बंद पडलेलं असतं. आतड्याच्या गाठीत बीआरएएफ या जनुकाची किंवा मिथिलेशनची (जनुकावर रासायनिक खूण बसून ते बंद पडलंय का, याची) तपासणी केली की हा फरक कळतो. ही पायरी गाळून थेट रक्ताच्या महागड्या तपासणीला पाठवलं जात असेल, तर मेळाव्यात तज्ज्ञाला जरूर विचारा.

उपचारावरही याचा परिणाम होतो. दुरुस्ती बंद पडलेली गाठ दुसऱ्या टप्प्यात असेल तर एकट्या ५-एफयू किंवा कॅपेसिटाबिन या केमोच्या औषधाने फायदा होत नाही. उलट पसरलेल्या आजारात पेम्ब्रोलिझुमॅबसारखी प्रतिकारशक्ती जागी करणारी औषधं अशाच गाठींवर चांगली चालतात. म्हणून आयएचसी केमो सुरू होण्याआधी झालेली बरी.

रक्ताची जनुक तपासणी: आधी कुणाची

इथे सर्वांत जास्त पैसे वाया जातात. धडधाकट पुतण्या घाबरून आधी स्वतःची तपासणी करून घेतो, रिपोर्ट “काही सापडलं नाही” येतो आणि घरात पेढे वाटले जातात. त्या रिपोर्टला अर्थ नसतो. घरातला दोष कोणता हेच माहीत नसताना तो पुतण्याकडे आलाच नाही, की आला आहे पण या तपासणीत दिसत नाही, हे ठरवता येत नाही. म्हणून आधी ज्याला कॅन्सर झाला आहे त्याची तपासणी करायची. जांभळ्या टोपणाच्या नळीत तीन-चार मिली रक्त पुरतं, उपाशी राहावं लागत नाही. अलीकडे रक्त चढवलेलं असेल तर ते आधी सांगा. रिपोर्ट यायला तीन-चार आठवडे धरा.

दोष सापडला की बाकीच्यांची फक्त त्या एका बदलाची तपासणी करायची. ती पूर्ण पॅनेलपेक्षा, म्हणजे अनेक जनुकं एकदम तपासण्यापेक्षा, बरीच स्वस्त पडते आणि तिचं उत्तर पक्कं असतं. त्यासाठी पहिल्या रिपोर्टची पूर्ण प्रत लागते. जनुकाचं नाव आणि पुढे “सी.” नि “पी.” ने सुरू होणारी आकडे-अक्षरांची ओळ हाच तो बदल. मोबाइलवर काढलेल्या फोटोत नेमकी ती ओळ कापली जाते, तेवढी तपासून पाठवा.

रिपोर्टमध्ये “अनिश्चित अर्थाचा बदल” असं आलं, तर त्यावरून पिशवी किंवा आतडं काढायचा निर्णय घेऊ नये आणि नातेवाइकांच्या तपासण्याही लावू नयेत. असे बहुतेक बदल पुढे निरुपद्रवी ठरतात. वर्ष-दोन वर्षांनी लॅबला पुन्हा विचारायचं. पीएमएस२ चं प्रकरण वेगळंच, कारण त्याच्यासारखी दिसणारी एक निकामी प्रत शेजारी असते आणि तपासणी फसते. मोठा तुकडा गळालेला दोषही साध्या वाचनात सुटू शकतो, त्यासाठी एमएलपीएसारखी तपासणी केली का ते विचारा.

मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये आणि खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटाच्याच संशोधन केंद्रामध्ये कॅन्सर जनुकशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. बेंगळुरूला किदवाई हे कॅन्सरचं रुग्णालय आहे. बेळगावहून दोन्हीकडे अंतर साधारण पाचशे किलोमीटर. अर्धे नातेवाईक इकडे, अर्धे तिकडे असले तरी घराण्याची जनुकाची फाईल एकाच ठिकाणी उघडा, उपचार वेगवेगळे कुठेही होऊ देत. खर्चाचं म्हणाल तर कर्नाटकात आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक आहे आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचा निर्णय घेतला. या योजना मुख्यतः उपचारासाठी आहेत. धडधाकट माणसाची दुर्बीण किंवा जनुक तपासणी त्यात बसते का, हे जाण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्या.

दुर्बीण: दर एक-दोन वर्षांनी, आणि पूर्ण

एमएलएच१ किंवा एमएसएच२ असेल तर वीस-पंचविसाव्या वर्षापासून, एमएसएच६ किंवा पीएमएस२ असेल तर तीस-पस्तिसाव्या वर्षापासून कोलोनोस्कोपी सुरू करतात. घरात कुणाला याहून लहान वयात कॅन्सर झाला असेल तर त्याच्या वयाच्या दोन ते पाच वर्षं आधी. पहिल्या दोन जनुकांत दर एक-दोन वर्षांनी, नंतरच्या दोघांत एक ते तीन वर्षांनी.

लिंचच्या गाठी जास्त करून आतड्याच्या उजव्या भागात, म्हणजे गुदद्वारापासून सर्वांत लांब येतात. तिथून रक्त डोळ्याला दिसत नाही, नुसतं हिमोग्लोबिन उतरत राहतं आणि माणूस वर्षभर लोहाच्या गोळ्या खात बसतो. “दुर्बीण झाली आहे” असं सांगणाऱ्यांपैकी काहींची फक्त जठराची झालेली असते, काहींची फक्त डावीकडच्या शेवटच्या भागाची. लिंचला दोन्ही पुरत नाहीत. रिपोर्टमध्ये तीन गोष्टी शोधा: दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या उजवीकडच्या टोकापर्यंत, पोहोचली का, बोस्टन गुण किती, आणि बाहेर काढताना किती वेळ घेतला. बोस्टन गुण म्हणजे आतडं किती साफ होतं त्याचं मोजमाप. तीन भाग, प्रत्येकी ० ते ३. प्रत्येक भागाला निदान २ हवेत. बाहेर काढताना सहा मिनिटांपेक्षा कमी वेळ म्हणजे घाई.

साफसफाई आपल्या ताटामुळे बिघडते. दोन-तीन दिवस आधीपासून ज्वारी-नाचणीची भाकरी, मेथी, शेवगा, पेरू, टोमॅटो आणि वांग्याच्या बिया, कारळ, जवस, शेंगदाण्याची चटणी सगळं बंद. कारळाचे काळे कण आतड्याला चिकटून दुर्बिणीचं तोंड बंद करतात. पांढरा भात, इडली, दही, अंडं, मासे, साल काढलेला उकडलेला बटाटा चालतो. आदल्या दिवशी पातळ आणि गाळलेलं: डाळीचं वरचं पाणी, शहाळं, गाळलेलं लिंबूसरबत, बिनदुधाचा चहा. कोकम सरबत, सोलकढी, बिटाचा रस नको, आत तो रंग रक्तासारखा दिसतो. लोहाच्या गोळ्या पाच-सात दिवस आधी थांबवतात. साखरेच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं मात्र डॉक्टर सांगतील तसंच, मनाने काही बंद करू नका.

जुलाबाची पुडी साधारण दोन लिटर पाण्यात कालवतात, नेमकं माप पुडीवर असतं. निम्मं आदल्या संध्याकाळी, निम्मं तपासणीच्या चार-सहा तास आधी, दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला. सगळं एकाच रात्री संपवलं तर सकाळपर्यंत उजव्या बाजूला पुन्हा चिकट पित्त साठतं, आणि आपल्याला तीच बाजू स्वच्छ हवी असते. शेवटी निघणारं पाणी फिकट पिवळं, तळ दिसेल असं हवं. खानापूर किंवा निपाणीहून सकाळच्या बसने येणाऱ्याला दुसरा निम्मा डोस प्रवासात आवरत नाही. त्यांनी दुपारची वेळ मागावी, नाहीतर आदल्या रात्री बेळगावात पाहुण्यांकडे मुक्काम करावा. गुंगीचं इंजेक्शन देतात, म्हणून परतताना गाडी चालवायला दुसरं कुणी हवं.

अ‍ॅस्पिरिनबद्दल प्रत्येक मेळाव्यात विचारतात. लिंच असलेल्या ८६१ जणांच्या कॅप-२ अभ्यासात निम्म्यांना रोज ६०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिलं गेलं. दहाएक वर्षांच्या पाठपुराव्यात आतड्याचा कॅन्सर अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत ९ टक्के, न घेणाऱ्यांत १३ टक्के निघाला. फायदा खरा आहे, पण जठरात व्रण किंवा रक्तस्राव होऊ शकतो आणि डेंग्यूच्या दिवसांत ती धोक्याची ठरते. मात्रा डॉक्टरच ठरवतील. आणि गोळी चालू आहे म्हणून दुर्बीण टाळायची नाही.

बायकांसाठी वेगळी बैठक हवी

पाळीबाहेर किंवा पाळी गेल्यावर रक्त गेलं तर लिंच असलेल्या बाईने सोनोग्राफीवर समाधान मानू नये, गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासून घ्यावा. मुलं झाल्यावर चाळिशीच्या आसपास गर्भाशय आणि अंडाशय काढायचा विचार एमएलएच१, एमएसएच२ मध्ये करतात. पीएमएस२ मध्ये अंडाशयाचा धोका फारसा वाढत नाही, तिथे घाई नको. अंडाशय लवकर काढले तर हाडं ठिसूळ होतात, म्हणून हार्मोनचा प्रश्न ऑपरेशनच्या आधी विचारा. काढलेला अवयव तपासायला जाताना चिठ्ठीवर “लिंच” लिहिलेलं असावं, म्हणजे पॅथॉलॉजिस्ट बारीक काप घेतो. पुरुषांनी भरलेल्या सभागृहात हे प्रश्न बायका विचारत नाहीत. भरवणाऱ्यांनी तासभर वेगळी खोली द्यावी, आणि मराठीबरोबर कन्नड बोलणारी डॉक्टर किंवा परिचारिका तिथे बसवावी.

फोटो, व्हिडिओ आणि व्हॉट्सअ‍ॅप गटात नावं टाकणं यावर दारातच बंदी हवी. लग्नाच्या वयाच्या मुलींचं नाव फुटलं तर पुढच्या वेळी ते कुटुंब फिरकणार नाही. भारतात जनुकीय माहितीवरून होणारा भेदभाव रोखणारा स्वतंत्र कायदा नाही, तेव्हा ही जबाबदारी आयोजकांवरच येते. अठरा वर्षांखालच्या मुलांची लिंचची तपासणी सहसा करत नाहीत.

मामाची मुलगी, आत्याचा मुलगा

आपल्या भागात नात्यात लग्नं होतात, म्हणून हे स्पष्ट सांगायला हवं. दोष आईकडून आला असेल तर मामाकडे तोच असण्याची शक्यता निम्मी, मामाच्या मुलीकडे पाव. वडिलांकडून आला असेल तर हाच हिशेब आत्याच्या मुलांना लागतो. नवरा-बायको दोघांतही एकाच जनुकातला दोष असेल तर प्रत्येक मुलाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता पंचवीस टक्के. अशा मुलांना लहानपणीच मेंदूची गाठ, रक्ताचा किंवा आतड्याचा कॅन्सर होऊ शकतो, आणि अंगावर दुधाच्या चहाच्या रंगाचे डाग असतात. नात्यात लग्न ठरत असेल आणि घरात लिंच माहीत असेल, तर दोघांची त्या एका बदलाची तपासणी आधी व्हावी. लग्न झालेलं असेल तरी मूल होण्याआधी करता येते.

घरी गेल्यावर

समुपदेशकाकडून नातेवाइकांसाठी एक पत्र लिहून घ्या. त्यात जनुकाचं नाव, बदलाची पूर्ण ओळ, पहिली तपासणी कोणत्या लॅबची, कोणत्या नातेवाइकांनी तपासावं आणि कुठे जावं, एवढं पुरतं. रुग्णाचं नाव घालायचं की नाही हे रुग्णाने ठरवावं. एक प्रत मराठीत आणि एक इंग्रजीत ठेवा, म्हणजे हुबळीला, गोव्याला किंवा पुण्याला असलेला भाचा ती तिथल्या डॉक्टरला दाखवू शकेल. पत्र आधी त्या बहिणीच्या आणि आत्याच्या घरी पोहोचवा जिच्याकडे जाणं-येणं कमी झालं आहे, कारण शेजारच्या चुलत्याला बातमी कशीही कळतेच.